वास्तुकला की ग्राफिक डिझाइन? दोन्हीकडे हात चालणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तुलनात्मक आढावा

भारतीय रुपयाच्या चिन्हाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली. ते रेखाटणारे उदयकुमार धर्मलिंगम तेव्हा पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात पीएच.डी. करत होते आणि त्यांनी नुकतीच तिशी ओलांडली होती. देवनागरीतला 'र', दांडी काढून टाकलेला रोमन 'आर' आणि वर दोन समांतर आडव्या रेषा एवढेच ते चिन्ह आहे. त्यातली वरची रेघ सरळ सरळ शिरोरेघ आहे. उदयकुमार यांची पहिली पदवी वास्तुकलेची, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून घेतलेली; त्यानंतर आयडीसीत व्हिज्युअल कम्युनिकेशनमध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे तमिळ अक्षररचनेवर संशोधन, असा त्यांचा प्रवास झाला. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, घरे आणि अक्षरे दोन्ही काढत बसणारी मुले बारावीनंतर दोन अर्ज समोर ठेवून बसतात, तेव्हा मला हे उदाहरण आठवते. मात्र त्यातून बहुतेक जण जो निष्कर्ष काढतात, की आधी वास्तुकला करावी म्हणजे पुढे दोन्ही दारे उघडी राहतात, तो मला अर्धाच बरोबर वाटतो.

प्रवेशाची बाजू थोडक्यात सांगता येते. बी.आर्च. या वास्तुकलेच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागते, वर 'नाटा' ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा वास्तुकलेचा पेपर, आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा, ज्यात किमान एक सत्र एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करण्याचे असते. ग्राफिककडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एक उपयोजित कलेची बी.एफ.ए., तर दुसरी बी.डेस., ज्यासाठी आयआयटी मुंबईसारख्या संस्थांकडे 'यूसीड' आणि अहमदाबादच्या एनआयडीकडे स्वतःची परीक्षा असते. या दोन्ही पदव्या चार वर्षांच्या आहेत आणि बारावीला कोणतीही शाखा घेतलेली चालते. मुंबईत तर हा पेच एकाच आवारात उभा आहे, कारण १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलच्या परिसरात वास्तुकला आणि उपयोजित कला शेजारी शेजारी शिकवल्या जातात. जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरील बरेचसे कोरीवकाम त्याच शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. तेव्हा इमारत आणि अलंकरण यांचे वर्ग वेगळे असले तरी काम एकाच भिंतीवर होत होते.

कायद्याच्या बाबतीत मात्र दोन्हींत मोठे अंतर आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की हे संरक्षण बिरुदाला आहे, त्या स्वरूपाचे काम इतरांनी करण्यावर सरसकट बंदी नाही. तरीही नगरपालिकेत नकाशे दाखल करायला नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक तंत्रज्ञाची सही लागतेच. ग्राफिक डिझायनरला ना परिषद, ना नोंदणी क्रमांक. त्याच्या नावामागे उभे राहते ते फक्त त्याने केलेले काम. पालकांना यातली पहिली व्यवस्था भरवशाची वाटते, आणि ते चुकीचे नाही. पण सही करण्याचा अधिकार म्हणजे त्या सहीखालच्या चुकीची जबाबदारीही, हे प्रवेशाच्या वेळी फारसे कोणी सांगत नाही.

रोजच्या कामाची तुलना केल्याशिवाय निवड करता येणार नाही, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. वास्तुकलेच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या पदवीधराची पहिली दोन वर्षे बहुधा इमारतीचे रूप ठरवण्यात जात नाहीत. ती जातात जिने, संडास-बाथरूमचे तपशील, दारे-खिडक्यांचे तक्ते आणि विकास नियंत्रण नियमांच्या हिशेबात. जिन्याचेच घ्या. दोन मजल्यांत ३००० मिलिमीटर अंतर असेल आणि पायरी १५० मिलिमीटर उंच धरली, तर वीस पायऱ्या होतात. कागदावर हे सोपे आहे. पण नकाशा काढणारा मजल्यावरच्या फरशीची आणि तिच्या खालच्या मसाल्याची जाडी धरायला विसरला, तर फरशी बसल्यावर तळाची पायरी इतरांपेक्षा बुटकी होते, आणि त्या जिन्यावर माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी अडखळतात. तोवर सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, निघालेले असते, स्लॅब वाळलेला असतो आणि मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

ग्राफिकची बारीक कामे याच जातीची आहेत, फक्त त्यांचे माप वेगळे. मराठी मजकुराचे पान लावताना 'स्फूर्ती' हा शब्द जवळून पाहावा. खाली 'फ'ला दीर्घ ऊकार, वर 'त'ला वेलांटी आणि तिच्या शेजारी रफार. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले दोन ओळींतले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो आणि सगळे पान काळवंडल्यासारखे दिसू लागते. मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचा हिशेब संगणकावर नीट बसावा म्हणून र. कृ. जोशी यांच्यासारख्या जे. जे.त शिकलेल्या आणि आयडीसीत शिकवणाऱ्या सुलेखनकाराने अनेक वर्षे घालवली. विंडोजवरचा 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्याच कामातून आला. पुढच्या पिढीतल्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त' आणि 'बलू' या अक्षरांनी मराठी पडद्यावर वाचण्याची सवय बरीच बदलली. हे काम संथ, एकलकोंडे आणि अतिशय तांत्रिक आहे. ग्राफिक डिझाइन म्हणजे रंगीत पोस्टर अशी समजूत असणाऱ्यांनी एखाद्या अक्षरकाराच्या शेजारी दिवसभर बसून पाहावे.

फरक पडतो तो चूक दुरुस्त करण्याच्या मुदतीत. छापखान्यात प्रूफावर चूक सापडली तर ती दुपारी सुधारता येते, छापून झाल्यावर सापडली तर कागद वाया जातो, आणि पडद्यावरची चूक रात्रीतून बदलता येते. इमारतीची चूक सिमेंटमध्ये गोठते. त्याच कारणाने वास्तुकलेत एक काम पुरे व्हायला वर्षे लागतात आणि तिशीपर्यंत स्वतःची म्हणावी अशी इमारत उभी राहिलीच तर ते भाग्य मानले जाते, तर ग्राफिकमधली चांगली मुलगी पदवी मिळण्याआधीच दहा कामे दाखवू शकते. पैशाचेही तसेच आहे. वास्तुविशारदाचे मानधन बांधकाम खर्चाशी जोडलेले आणि टप्प्याटप्प्याने मिळणारे, त्यामुळे काम रखडले की शेवटचे हप्तेही रखडतात. ग्राफिकचे मानधन लहान पण लवकर हाती येणारे, आणि घासाघीस मात्र दरवेळी नव्याने. कोणते बरे, हे घरच्या परिस्थितीवर ठरते. पाच वर्षे आणि त्यानंतरची कमी पगाराची दोन-तीन वर्षे घर सांभाळू शकणार नसेल, तर ही गोष्ट आधी बोलून घ्यावी. लाजेखातर ती टाळणारी मुले मी बरीच पाहिली आहेत.

आता दारांच्या प्रश्नाकडे येतो. बी.आर्च. झालेल्याला 'सीड' ही प्रवेश परीक्षा देऊन डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाता येते; उदयकुमार त्याच वाटेने गेले. उलट दिशेने मात्र अशी वाट नाही. उपयोजित कलेच्या पदवीधराला एम.आर्च.ला प्रवेश मिळत नाही, त्याला 'नाटा'पासून पुन्हा पाच वर्षे द्यावी लागतात. म्हणजे दार आहे, पण ते एकाच बाजूने उघडते. यावरून लोक वास्तुकलेला विम्याची पॉलिसी समजतात, आणि तिथेच माझा मतभेद आहे. पाच वर्षांचा हप्ता भरून घेतलेला हा विमा फार महाग पडतो, कारण त्या काळात स्थापत्यशास्त्राचे पेपर, सर्वेक्षणे, रात्र-रात्र चालणारी सबमिशन्स आणि ज्युरीसमोरची उलटतपासणी यांत अक्षरांसाठी वेळ उरत नाही. ज्याला इमारतीची ओढ नाही, तो तिसऱ्या वर्षी कंटाळतो, चौथ्या वर्षी ढकलतो, आणि पदवी हातात येते तेव्हा त्याचा ग्राफिकमधला हातही अडखळत असतो.

मग दोन्ही विषय आवडणाऱ्याला जागाच नाही का? आहे, आणि ती दोन्हींच्या सीमेवर आहे. बर्लिनमध्ये पीटर बेहरेन्स यांनी १९०७ पासून एईजी या कंपनीसाठी बोधचिन्ह, जाहिराती आणि १९०९ चा टर्बाइन कारखाना असे सगळेच एका हाताने घडवले. आपल्या जवळचे उदाहरण पणजीची कला अकादमी आहे. इमारत चार्ल्स कोरिया यांची आणि सभागृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी चितारलेले प्रेक्षक. तिथे वास्तुविशारदाने भिंत रिकामी ठेवण्याचा समजूतदारपणा दाखवला आणि चित्रकाराने ती नुसती सजवण्याऐवजी सभागृहाला आणखी एक रांग दिली. दोघेही आपापल्या कामात पक्के होते म्हणून ते जमले. कोरियांनी मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत कोपऱ्यातले दुमजली व्हरांडे कोरून काढले आहेत. ८४ मीटर उंचीच्या त्या इमारतीकडे दुरून पाहिले की एखाद्या अक्षरातली मोकळी जागा आठवते, ही मात्र माझी लहर म्हणून सोडून द्यावी.

आजचे सीमेवरचे नेहमीचे काम म्हणजे रुग्णालये, स्थानके आणि कार्यालये यांतली दिशादर्शक फलकांची व्यवस्था. मी स्वतः वास्तुकलेनंतर याच कामात आलो. पहिल्याच मोठ्या रुग्णालयात आम्ही बाह्यरुग्ण विभागाकडे नेणारे फलक जमिनीपासून २४०० मिलिमीटरवर टांगायचे ठरवले, कारण गर्दीच्या डोक्यावरून ते दिसायला हवे होते. माझ्या ग्राफिक सहकाऱ्याने अक्षरांची उंची आणि अंतर अचूक काढले होते. पण आम्ही दोघांनीही छताचा नकाशा मागवला नाही. तिथे एक खोल बीम आडवा येत होता आणि त्याखाली फॉल्स सीलिंगही उतरलेले होते. फलक बसल्यावर वरची मराठी ओळ शिरोरेघेसकट सीलिंगमागे गेली आणि खालची इंग्रजी तेवढी शिल्लक राहिली. चूक माझी जास्त, कारण सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, वाचणे माझ्या शिक्षणात होते. आठ फलक पुन्हा करावे लागले. तेव्हापासून मी सीमेवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला एवढेच विचारतो की यांपैकी एक गोष्ट तरी तुला पुरती येते का? दोन्ही अर्ध्या येत असतील, तर बीम सहकारी पाहील असे तुला वाटते आणि अक्षर तू पाहशील असे त्याला.

माझा कल असा. जागेत वावरणे, चटकन उंची-रुंदी मोजणे, इतर अनेक माणसांकडून काम करून घेणे आणि फळाची वाट पाहणे ज्याला जमते, त्याने वास्तुकलाच घ्यावी आणि ग्राफिकचे वेड सोबत चालू ठेवावे. ते पुढे कुठूनही जोडता येते. ज्याचे लक्ष दुकानाच्या पाटीवरील अक्षराकडे आधी जाते आणि दुकानाकडे नंतर, त्याने दार एकाच बाजूने उघडते या भीतीने पाच वर्षे अडकवून घेऊ नयेत.

अजूनही ठरत नसेल, तर अर्ज भरण्याआधी एक सुट्टी अशी घालवावी. आपल्या राहत्या खोलीचा टेपने मापे घेऊन वीसास एक या प्रमाणात सेक्शन काढावा, खिडकीच्या कट्ट्याची उंची आणि दाराच्या चौकटीची जाडी यांसकट. मग आपल्या गावाचे नाव एस.टी.च्या पाटीसाठी असे लिहावे की ते रस्त्यापलीकडून वाचता येईल. दोन्ही कागद आठवडाभर भिंतीवर लावून ठेवावेत आणि कोणावर आपण पुन्हा पेन्सिल चालवतो याची नोंद ठेवावी.