नवा संगणक : फॉरमॅट मारावा की सेटिंग्ज हाताने लावाव्यात?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या आमच्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ काही चढेना, म्हणून दिवाळीच्या सुमारास आमच्या नात्यात दोन नवे संगणक आले. एक औशाला आमच्या घरी आणि दुसरा नांदेडला आमच्या साडूंकडे. दोन्ही कंपनीने जोडून पाठवलेले, दोन्हींत आठ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क; आणि दोन्ही पहिल्याच आठवड्यात नव्याला न शोभेल इतके रेंगाळू लागले. त्यांना वळण लावण्याचे काम माझ्याकडे आले. आमचा संगणक मी संपूर्ण पुसून त्यावर कोरे विंडोज टाकले, तर साडूंच्या संगणकातली कंपनीची विंडोज तशीच ठेवून एकेक सेटिंग हाताने लावली. दोन्ही वाटा स्वतः चालून पाहिल्यामुळे, नवा संगणक घेतलेल्यांपैकी कुणी याच पेचात असेल तर माझा अनुभव त्याच्या उपयोगी पडावा असे वाटते.

तिसरीही एक वाट आहे, ती म्हणजे संगणक वेगवान करून देण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअरे. तिच्यासाठी मी फार शब्द खर्च करणार नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेले आहे. शिवाय ज्या संगणकात आपोआप सुरू होणारे प्रोग्राम आधीच दाटले आहेत, त्यात आणखी एक आणून बसवण्यामागचा हेतू मला कधी उमगलेला नाही.

‘गुरुजी, डबा उघडला की आधी फॉरमॅट मारून घ्या, कंपनीचा सगळा कचरा निघून जातो,’ असा सल्ला आपल्याकडे बहुतेक दुकानांत मिळतो, आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. आमच्या संगणकात मुदतीचा अँटिव्हायरस, कंपनीचा स्वतःचा ‘मदतनीस’, दोन खेळ आणि सतत नोंदणीची आठवण करून देणारी एक खिडकी एवढा ऐवज होता, तो एका झटक्यात गेला. परवान्याची काळजीही करावी लागली नाही, कारण तो मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट मिळताच आपोआप लागू होतो. घड्याळ लावून मी काही मोजलेले नाही. पण पूर्वी बटण दाबून गॅसवर चहाचे आधण ठेवून परत आलो तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे, आणि फॉरमॅटनंतर मी खुर्ची ओढून बसेपर्यंत संगणक तयार असे. एक गंमत मात्र सांगायला हवी. सगळे पुसल्यावरही पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात ‘आमचा मदतनीस घ्यावा का’ अशी विचारणा पुन्हा हजर झाली. काही कंपन्या हा दुवा बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, ठेवतात, त्यामुळे डिस्क कितीही घासली तरी तो जात नाही. तो बायोसमध्ये जाऊनच बंद करावा लागतो, तेही तशी सोय दिलेली असली तर.

साडूंच्या संगणकावर मी रविवारची एक दुपार घालवली. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ या पानावर, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत, तेरा नावे होती, त्यांतली तीन ठेवून बाकीची बंद केली. मुदतीचा अँटिव्हायरस काढून टाकला. तो जाताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो, त्यामुळे घराला कुलूप नाही असा प्रसंग येत नाही. ‘पॉवर मोड’ सर्वाधिक कामगिरीवर नेला, वीजबिलात मोठा फरक पडणार नाही अशी त्यांची समजूत घालून. साडू रोज रात्री न चुकता संगणक बंद करतात, तरी टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’, म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, अकरा दिवसांचा दिसत होता. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून खरी झाडझूड ‘रीस्टार्ट’ केल्यावरच होते. ती सोय मी बंद केली नाही, फक्त आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करण्याची सवय लावून घ्यावी असे सुचवले.

दृश्य परिणामांच्या बाबतीत मात्र आपण मराठीत टंकन करणाऱ्यांनी सावध राहिलेले बरे. ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडला की यादीतल्या सगळ्या खुणा एकदम जातात, आणि त्यांत ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ही खूणही जाते. इंग्रजी अक्षरे त्यातून कशीबशी निभावतात. देवनागरीची मात्र दैना होते. साडूंच्या पडद्यावर शिरोरेषा जागोजागी दातेरी झाली, रफार अक्षरावर बसलेल्या माशीसारखा दिसू लागला, आणि ‘ष्ट’ व ‘ष्ठ’ ओळखण्यासाठी त्यांना चष्मा पुढेमागे करावा लागला. ती एक खूण परत लावली आणि सगळे पूर्ववत झाले. खिडक्यांचे सरकणे आणि सावल्या बंद ठेवल्याने आठ जीबीच्या यंत्राला काय दिलासा मिळायचा तो मिळतोच.

पेजिंग फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करणे, एसएसडीवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एकत्र लावणे) चालवणे असले जुने उपाय अजूनही कुणी ना कुणी सुचवत असते. ते दोन्ही संगणकांवर मी टाळले आणि तेच बरे झाले असे मानतो. सुटे भाग जोडून संगणक घेतला असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू आहे का ते जरूर पाहावे, कारण ३२०० वेगाची रॅम निमूटपणे २१३३ वर किंवा २४०० वर चालत असल्याचे पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेला संगणक कोणत्याही सेटिंगने वेगवान होत नाही.

इथवर दोन्ही पारडी जवळपास सारखी वाटतील. वेगात तर फॉरमॅट केलेला आमचा संगणक किंचित सरसच आहे. माझे मत फिरले ते एका कटकटीने, आणि ती कटकट म्हणजे इंटरनेट. औशात आमच्या घरी फायबर नाही. सारे काम माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर, रोज दीड जीबीच्या योजनेवर चालते, आणि ती मर्यादा ओलांडली की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे साधे पानही उघडत नाही. लातूरला मित्राच्या घरच्या फायबरवर पाच जीबीहून मोठी फाइल उतरवून मी पेनड्राइव्ह तयार करून आणला होता, म्हणून इंटरनेटची अडचण येणार नाही अशा समजुतीत शनिवारी सकाळी आठला काम सुरू केले. विंडोज ११ ची मांडणी मध्येच इंटरनेट मागते, म्हणून हॉटस्पॉट जोडला, आणि ते मिळताच तिने मला न विचारता अपडेट ओढायला घेतले. ‘इंटरनेट मोजके आहे, जपून वापर’ असे विंडोजला सांगणारे ‘मीटर्ड कनेक्शन’ हे बटण ज्या सेटिंग्जमध्ये आहे तिथपर्यंत पोहोचायच्या आतच, साडेनऊच्या सुमारास, दिवसाचा सगळा डेटा संपला होता. त्या संध्याकाळी सात वाजता लेकीची नीटची सराव परीक्षा होती. ती तिने शेजारच्या काकूंच्या फोनवरून वायफाय घेऊन दिली, आणि मी शेजारी बसून ‘झाले का’ हेसुद्धा विचारायचे धाडस केले नाही. रविवारचा डेटा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने संपवला. बटण सापडल्यावर ते मी लावले खरे, पण कोऱ्या विंडोजला सुरक्षेची अपडेट द्यावीच लागतात, म्हणून ती पुढचे तीन दिवस पहाटे पाचला उठून हप्त्याहप्त्याने उतरवली.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की हे सगळे दुकानात एकदा होऊन गेलेले होते. संगणक दाखवताना दुकानदाराने पहिली मांडणी स्वतःच्या वायफायवर केली होती, अपडेटही तिथेच झाली होती. फॉरमॅट मारून मी ती पुसली आणि माझ्या दीड जीबीतून दुसऱ्यांदा केली. साडूंचेही इंटरनेट हॉटस्पॉटचेच. पण त्यांच्या संगणकावर घरी पोहोचल्याबरोबर मी सर्वांत आधी ‘मीटर्ड कनेक्शन’ लावले. मोठी अपडेट थांबली, वनड्राइव्हने डेस्कटॉपवरचे फोटो वर चढवणे थांबवले, आणि ते काम आता महिन्यातून एकदा, त्यांचा मुलगा संगणक घेऊन फायबर असलेल्या काकांकडे जातो तेव्हा होते.

ज्यांच्या घरी फायबर आहे, किंवा ज्यांच्या संगणकात कंपनीने इतके भरून ठेवले आहे की काढता काढता रविवार पुरायचा नाही, त्यांनी खुशाल फॉरमॅट मारावा, माझी ना नाही. विंडोजमधील ‘रीसेट’चा मधला मार्गही आहे, त्यात ‘क्लाउड डाउनलोड’ न निवडता संगणकातल्याच फायलींतून मांडणी करता येते, नाहीतर तोही चार जीबीच्या वर डेटा मागतो. बाकी आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात, हॉटस्पॉटवर दिवस काढणाऱ्याला मी हाताने सेटिंग्ज लावण्याचेच सुचवीन. डिसेंबरात धाकट्या भावाने संगणक घेतला, तेव्हा पेनड्राइव्ह मी कपाटातून काढलादेखील नाही.

हाताने लावणाऱ्यांसाठी एकच खाचखळगा सांगतो. ‘मीटर्ड’ची खूण संगणकाला लागत नाही, ती त्या त्या वायफायच्या नावाला लागते. संक्रांतीला साडूंनी नवा फोन घेतला, त्याच्या हॉटस्पॉटचे नाव वेगळे पडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच ‘आपला डेटा संपला आहे’ असा संदेश आला. मी फोनवरच त्यांना जुन्या हॉटस्पॉटचे नाव आणि पासवर्ड नव्या फोनला जसेच्या तसे द्यायला सांगितले, आणि संगणकाने तो जुना समजून खूण तशीच ठेवली.