घराच्या बांधकामावर लक्ष कसं ठेवावं: स्वतः जाऊन, फोटो मागवून, कॅमेरा लावून की इंजिनिअर नेमून?

घर बांधायला काढलं की नकाशा, ठेकेदार, पैसे या सगळ्याची जुळवाजुळव नीट होते. पण काम सुरू झाल्यावर त्यावर लक्ष कोण ठेवणार, हे बहुतेक घरांत ठरलेलंच नसतं. ज्याला सवड असेल तो चक्कर मारतो, दोन-चार फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो आणि सगळ्यांना वाटतं की लक्ष आहे. हाताशी मार्ग चार असतात: स्वतः साइटवर जाणं, ठेकेदाराकडून फोटो-व्हिडिओ मागवणं, कॅमेरा बसवणं आणि ठेकेदाराशी लागेबांधे नसलेला इंजिनिअर देखरेखीला नेमणं. निवड करताना माझी कसोटी एकच आहे. जे काम पुढे काँक्रीट, प्लॅस्टर किंवा फरशीखाली कायमचं झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी कोणाच्या नजरेखालून जाणार?

या कसोटीवर रोज स्वतः जाणं आधी तपासू, कारण बहुतेकांना तोच सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. रोज जाणाऱ्याला कामाचा वेग कळतो. माणसं किती आली, सिमेंटच्या गोण्या पावसात भिजतायत का, आज काम का थांबलं, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. क्युरिंगवर, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवण्याच्या कामावर, लक्ष ठेवायला तर घरच्या माणसाइतकं चांगलं कोणी नाही. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा समज आहे, पण प्रत्यक्षात सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होऊन ते घट्ट होतं. म्हणून ओतल्यावर किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल किंवा हवा कोरडी-तापलेली असेल तर 10 ते 14 दिवस ते ओलं राहायला हवं. सकाळी एकदा पाइप फिरवला म्हणजे झालं असं नाही. दुपारी उन्हाच्या वेळी जा, कॉलमला गुंडाळलेल्या गोणपाटाला हात लावून बघा. गोणपाट कोरडं लागलं तर त्या कॉलमचं क्युरिंग त्या दिवशी झालेलं नाही. स्लॅबवर वाफे करून साठवलेलं पाणी आटलंय का, तेही तेव्हाच दिसतं. याला शिक्षण लागत नाही, सातत्य लागतं.

पण सळईचा व्यास बरोबर आहे का, सळयांचे जोड योग्य जागी आहेत का, हे रोज जाऊनही घरमालकाला कळेलच असं नाही. आणि रोज जाण्याचा एक तोटा मोठा आहे: माणूस सूचना द्यायला लागतो. खिडकी वीतभर सरकवा, इथे एक कोनाडा काढा, असं थेट मिस्त्रीला सांगितलं जातं. मिस्त्री मान डोलावतो, ठेकेदाराला ते माहीत नसतं, नकाशात बदल होत नाही आणि बिलाच्या वेळी वाद उभा राहतो. घरात चार जण साइटवर जाणारे असतील तर प्रत्येकाची सूचना वेगळी असते. म्हणून तुम्ही रोज जाणार असाल तर सूचना देणारं माणूस एकच ठरवा आणि ती सूचना मिस्त्रीला न देता ठेकेदाराला लेखी द्या.

परगावी राहणाऱ्यांना फोटो आणि व्हिडिओ कॉलशिवाय गत्यंतर नसतं. यात फरक पडतो तो तुम्ही मागता काय यावर. ‘आजचे फोटो पाठवा’ म्हटलं की उंच जागेवरून काढलेला, सगळं छान दिसणारा फोटो येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. सळयांवर मोजपट्टी ठेवून जवळून काढलेला फोटो मागा, म्हणजे दोन सळयांमधलं अंतर वाचता येईल. व्हिडिओ कॉल फोटोपेक्षा बरा, कारण तिथे ‘त्या कोपऱ्यात जा, जरा खाली वाका’ असं तुम्ही सांगू शकता. कोणता कोपरा दाखवायचा हे दाखवणाऱ्याने ठरवलं, तर ती पाहणी झाली असं मी मानत नाही.

फोटोंचा खरा उपयोग नोंद म्हणून आहे, आणि त्यासाठी साइटशेजारी राहणाऱ्यांनीही ते काढावेत. प्लॅस्टर होण्याआधी प्रत्येक खोलीत उभं राहून चारही भिंतींचे फोटो घ्या. वायरिंगचे पाइप कुठून गेले, नळाच्या लाइनी कुठे वळल्या, बाथरूमच्या फरशीखाली काय आहे, हे सगळं त्यात पकडा. पुढे भिंतीत ड्रिल मारताना किंवा ओल आल्यावर हेच फोटो कामी येतात. फाइलला खोलीचं नाव आणि तारीख द्या, नाहीतर हजार फोटोंतून हवा तो सापडत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. सामान उघड्यावर पडून असेल किंवा काम किती दिवस बंद होतं यावर ठेकेदाराशी मतभेद होण्याची शक्यता असेल, तर तो लावावा. त्याला वीज आणि इंटरनेट लागतं, काम वर चढत गेलं की जागा बदलावी लागते आणि सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या साच्याच्या, आतलं त्याला काहीही दिसत नाही. लावलात तर तिथे काम करणाऱ्यांना आधी सांगा. न सांगता कोणावर नजर ठेवणं बरं नाही, आणि कळल्यावर कामाचं वातावरणही बिघडतं.

राहिला देखरेखीचा इंजिनिअर. पैसे कुठे वाचवायचे या चर्चेत पहिली काट यालाच बसते, कारण त्याच्या कामाचं काहीच डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मते हाच खर्च सर्वांत शेवटी कापावा. काय करतो तो? स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशीचं दृश्य घ्या. सेंट्रिंगवर सळयांची जाळी बांधून झालेली असते. तो खाली वाकून बघतो, सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून अंतरावर धरणारे छोटे ठोकळे, आहेत का. स्लॅबला साधारण 20 ते 25 मिलिमीटर आणि कॉलमला 40 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सळईभोवती राहायला हवं, नाहीतर काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. वरची सळई चालताना दबू नये म्हणून खुर्च्या (सळई वाकवून केलेले आधार) लावल्यात का, तेही तो पाहतो. सळयांचे सगळे जोड एकाच रेषेत आलेत का, कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवलीत का, तेही पाहतो. भूकंपात रिंग उघडू नये यासाठी ती अशी वळवतात. 90 अंशांवर सोडलेली रिंग बघणाऱ्याला तितकीच व्यवस्थित वाटते, म्हणून जाणकार नजर लागते. या चुका आदल्या दिवशी तासाभरात सुधारतात. काँक्रीट पडल्यावर त्या सुधारत नाहीत.

ओतण्याच्या दिवशीही तो हजर हवा. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून त्यात वरून पाणी सोडण्याचा मोह सगळीकडे असतो. पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, पाणी वाढलं की ताकद उतरते, हे अमेरिकन संशोधक डफ अब्रॅम्स यांनी 1918 मध्येच मांडलं होतं. मिक्सरपाशी उभा राहून ‘आता पाणी नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे तरी असायला हवा. व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) कोपऱ्यांत फिरतोय का हे बघणं आणि तपासणीसाठी त्याच काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून घेणं हेही त्याच दिवशी होतं. ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी दाबून तपासतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये 7 दिवसांत 28 दिवसांच्या ताकदीपैकी सुमारे दोन-तृतीयांश ताकद येते, त्यामुळे काही बिनसलं असेल तर लवकर कळतं.

इंजिनिअर नेमताना एक पथ्य पाळा: तो ठेकेदाराने सुचवलेला नसावा. आणि ‘इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय काँक्रीट टाकायचं नाही’ हे वाक्य ठेकेदाराच्या करारात असू द्या. ते नसेल तर इंजिनिअर फक्त मत देऊ शकतो, काम थांबवू शकत नाही.

काम किती झालं हे मोजतानाही फसगत होते. पाया, कॉलम, स्लॅब भराभर उभे राहतात आणि वाटतं, आता थोडंच राहिलं. मग प्लॅस्टर, प्लंबिंग, वायरिंग, फरशी, दारं-खिडक्या, रंग यांत महिने जातात आणि बाहेरून घर तसंच दिसतं. त्यामुळे पैसे डोळ्यांना दिसणाऱ्या उंचीवर देऊ नका, पूर्ण झालेल्या आणि तपासलेल्या टप्प्यावर द्या. या शेवटच्या भागात उशीर बऱ्याचदा घरमालकाकडूनच होतो. फरशी ठरलेली नसते, नळांचं मॉडेल ठरलेलं नसतं आणि त्यामुळे भिंतीतल्या लाइनी अडतात. म्हणून दर आठवड्याला ठेकेदाराला विचारा, ‘माझ्याकडून कोणता निर्णय कधीपर्यंत हवाय?’

मग निवड काय करावी? साइट जवळ असेल तर रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा जा, क्युरिंगच्या काळात मात्र रोज. टप्प्यांवर इंजिनिअर बोलवा. कॅमेरा सहसा लागत नाही. परगावी असाल तर इंजिनिअर महिन्याच्या बोलीवर घ्या, सोबत व्हिडिओ कॉल, आणि सामान उघड्यावर असेल तर कॅमेरा. घरात निवृत्त, वेळ असलेलं माणूस असेल तर क्युरिंग आणि सामानाची वही त्यांच्याकडे द्या. सळया तपासायची जबाबदारी मात्र त्यांच्यावर टाकू नका.

इंजिनिअरच्या मोजक्याच भेटी परवडत असतील तर पायाच्या सळया बांधल्यावर, प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी आणि ओतताना, टेकू काढण्याआधी आणि बाथरूमची फरशी बसवण्याआधी बोलवा. टेकूंचे दिवस त्याच्याकडून लिहून घ्या. लहान गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर कमी असलेल्या, स्लॅबला आठवडा पुरतो, 6 मीटरहून लांब बीमखाली मात्र साधारण 21 दिवस टेकू राहतात, आणि सेंट्रिंगचं सामान दुसरीकडे न्यायची घाई याच काळात होते. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून 48 तास ठेवा, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खालच्या छताकडे बघा. ओल दिसली तर फरशीवाल्याला तेव्हाच थांबवा.