एका बैठकीत की महिनाभर?

इंग्रजी वाचनावरच्या अभ्यासांचा मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये आढावा घेतला. मनातल्या मनात वाचताना कथात्म मजकुराचा सरासरी वेग त्यात मिनिटाला २६० शब्द निघाला. या हिशेबाने तीस हजार शब्दांची कादंबरी दोन तासांच्या आत संपते. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. जोडाक्षरं, सामासिक शब्द, आपला मामला वेगळा.

तरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) मी एका बैठकीतच वाचायला सांगेन. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि हॅर्टा, प्रवासाबरोबर संपत येणारा त्यांचा सहवास. मध्ये दोन दिवस गेले की तो ताण सैल पडतो.

‘मृत्युंजय’ला (१९६७) मात्र ही घाई सोसत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण बोलतात. निवेदक बदलला की पुस्तक मिटून ठेवावं, दुसऱ्या दिवशी उघडावं. महिना लागला तर लागू दे. लांबलचक वर्णनं मात्र मी खुशाल भरभर उरकतो.