ग्लुकोमीटर: कोरोनाच्या दोन लाटांनंतरचा अनुभव

पाच सेकंदांत आकडा, पाचशे नोंदींची मेमरी वगैरे खोक्यावर छापलेलंच असतं, त्यात वेळ घालवत नाही. मार्च २०२० च्या लॉकडाउनपासून लॅबला जाणं बंद झालं आणि साठी-सत्तरीतल्या मधुमेहींची भिस्त घरच्या घरी रक्तातली साखर मोजणाऱ्या या यंत्रावर आली. यंत्र स्वस्त, पण रक्ताचा थेंब घ्यायला दर वेळी नवी लागणारी पट्टी वीसेक रुपयांच्या घरात. खरा धंदा पट्टीचाच.

सगळ्यात जास्त घोळ केला तो सॅनिटायझरने. बोटावरचं अल्कोहोल वाळायच्या आत टोचलं की थेंब पसरतो, पातळ होतो आणि आकडा बिघडतो. शिवाय सॅनिटायझर जंतू मारतो, साखर पुसत नाही. केळं सोललेल्या, लाडू वळलेल्या बोटावर तो कितीही चोळा, साखर तिथेच राहते आणि आकडा भलताच वर जातो. तो खरा मानून कुणी इन्सुलिनचे चार युनिट वाढवले, तर वयस्कर माणसाची साखर रात्री झोपेत ७० च्या खाली उतरायची. साबण, कोमट पाणी, कोरडा पंचा, बस. थेंब येत नसेल तर हात थोडा वेळ खाली लोंबू द्या आणि बोटाच्या कडेला टोचा, टोकाला नको. बोट पिळू नका. पिळलं की रक्तात पेशींच्या भोवतालचं पाणी मिसळतं. सुई दर वेळी नवी. नवरा-बायको दोघांनाही मधुमेह असला तरी टोचायचं पेन प्रत्येकाचं वेगळं.

पट्ट्यांच्या डबीचं झाकण ही दुसरी डोकेदुखी. ते इतकं घट्ट की थरथरत्या हातांना उघडत नाही, मग ते अर्धवट लावून ठेवलं जातं. आत ओल शोषणारा थर असतो, पण पावसाळ्यात उघड्या डबीपुढे त्याचं काय चालणार? इन्सुलिन फ्रिजमध्ये म्हणून पट्ट्याही फ्रिजमध्ये, हेही घरोघरी चालतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांवर, पट्ट्या मात्र कोरड्या कपाटात. उघडल्याची तारीख डबीवर लिहा. बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या त्यानंतर तीन महिनेच चालतात. आठवड्याला दोनदा तपासणाऱ्याला तेवढ्यात २६ पट्ट्या लागतात, म्हणजे ५० ची डबी ‘स्वस्त पडते’ म्हणून घेण्यात अर्धे पैसे पाण्यात.

पहिल्या लाटेपर्यंत माझं मत होतं की गोळ्यांवर स्थिर असलेल्याला उपाशीपोटीची पट्टी पुरते. दुसऱ्या लाटेने ते बदललं. ऑक्सिजन कमी झालेल्यांना डेक्सामेथासोन हे साखर वाढवणारं स्टिरॉईड मिळत होतं, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. सकाळी दिलेल्या डोसचा चटका दुपारनंतर बसतो: पहाटे १३०, संध्याकाळी ३५०, आणि घरातले सकाळचा आकडा बघून निर्धास्त. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा बेताल साखर आणि स्टिरॉईड ही जोडी पुन्हापुन्हा समोर आली. तेव्हा दिवसाला एकच पट्टी परवडत असेल, तर स्टिरॉईड चालू असताना ती रात्रीच्या जेवणाआधी वापरा. स्टिरॉईड बंद झालं की उलटा धोका: वाढवलेलं इन्सुलिन डॉक्टरांना विचारून उतरवलं नाही, तर साखर पडते. तोंडाची चव गेलेला माणूस जेवत नाही आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराईडची गोळी मात्र नेमाने घेतो, तिथेही तेच.

ऑक्सिमीटर ८८ दाखवत असेल तर ग्लुकोमीटरवरही डोळे मिटून विसंबू नये. ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमवर चालणाऱ्या काही पट्ट्या रक्तात ऑक्सिजन कमी असताना साखर जास्त दाखवतात. पट्टी कोणत्या तत्त्वावर चालते ते आतल्या कागदावर असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. मोतीबिंदू झालेल्याने ते वाचायचं कसं, हे कंपनीलाच ठाऊक.

तीन तारे देतो. दोन कापले ते कंट्रोल सोल्युशनपायी. यंत्र बरोबर चालतंय का हे तपासायचं ते द्रव खोक्यात नाही, दुकानात नाही, आणि कंपनीची हेल्पलाइन वितरकाकडे बोट दाखवते. तोवर लॅबवाला उपाशीपोटी रक्त काढायला घरी आला की त्याच वेळी बोट टोचा. लॅबचा आकडा १०० च्या वर असेल तर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, खाली असेल तर १५ अंकांपर्यंतचा. त्याहून जास्त निघाला तर आधी नवी डबी उघडून बघा, यंत्र मग बदला.