ब्रश कटर, वीडर, जनरेटर: टाकीत ई२० घालावं की महागडं इथेनॉलमुक्त पेट्रोल?

पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये तालुक्याच्या पंपावरही तेच पेट्रोल आलं. लातूर, धाराशिव, बीडच्या ऊसवाल्यांचा या इथेनॉलशी थेट संबंध आहे. कारखान्याच्या हाती इथेनॉलचा पैसा आला तर उसाचं बिल निघायला मदत होते, त्यामुळे इथेनॉलला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पण धुऱ्यावरचं गवत कापणारा ब्रश कटर, कापसात तण काढत फिरणारा पावर वीडर, मोसंबीच्या बागेतला फवारणीचा एचटीपी पंप, दुकानातला छोटा जनरेटर यांची गोष्ट मोटारसायकलीपेक्षा वेगळी आहे.

मोटारसायकल रोज चालते, टाकीतलं पेट्रोल आठवड्याभरात संपतं. वीडर मात्र मृगापासून पोळ्यापर्यंत राबतो आणि पुढचे आठ-नऊ महिने शेतातल्या आखाड्यावर उभा राहतो. इथेनॉलचा खरा त्रास या उभं राहण्याच्या काळात होतो, आणि निवड करताना हीच गोष्ट सगळ्यात आधी बघायची.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीचं झाकण सैल असेल, कॅन ओला असेल, पावसात यंत्र बाहेर राहिलं असेल, तर ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जातं आणि दिसतही नाही. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, पेट्रोल वर राहतं. कारबोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, जाणारी नळी तळातूनच ओढते. त्याने ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, पितळी जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बुजतो, जुन्या रबरी नळ्या आधी फुगतात आणि मग तडकतात, कारबोरेटरचा पडदा कडक होतो. मृगाच्या तोंडावर मिस्त्रीकडे रांग लागते तेव्हा बहुतेक यंत्रांना कारबोरेटरचीच तक्रार असते.

ब्रश कटरसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला धोका आणखी मोठा. त्याचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं आणि थर वेगळे झाले की ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. तळातला पाणी-इथेनॉलचा थर इंजिनात गेला तर पिस्टनला ऑइलच मिळत नाही, इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून ब्रश कटरच्या बाबतीत मी वीडरपेक्षा जास्त आग्रही आहे.

दुसरी अडचण चालतानाची. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि ते जळायला हवाही कमी लागते. नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो इंधन वाढवून घेतो. छोट्या इंजिनाचा जेट ठरलेल्या मापाचा, त्यामुळे ई२० वर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन जास्त तापतं, ॲक्सिलरेटर दाबला की अडखळतं. परभणी-नांदेडच्या उन्हात पूर्ण जोरावर चालणाऱ्या यंत्राला ही वाढीव उष्णता परवडत नाही. होंडा, स्टील, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन यांच्या अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. तुमच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी बघा. ई२० चालेल असं तिथे असेल तर निम्मी चिंता मिटली.

आता इथेनॉलमुक्त पेट्रोल. अमेरिकेत काही पंपांवर बागेच्या यंत्रांसाठी आणि बोटींसाठी ते वेगळं मिळतं. आपल्याकडे त्याची जागा इथेनॉल न मिसळलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल घेतं (ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न देता जळण्याची पेट्रोलची ताकद). इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेलं एक्सपी१०० त्यातलं. पहिल्या टप्प्यात ते पुणे-मुंबईसारख्या शहरांत आलं, दुसऱ्या टप्प्यात हैदराबादला. म्हणजे बीड-संभाजीनगरवाल्यांना पुणे, नांदेड-लातूरवाल्यांना हैदराबाद. भाव साध्या पेट्रोलच्या दीडपट धरा. इथे एक गल्लत फार होते: ९५ ऑक्टेनचं एक्सपी९५ महाग आहे म्हणून त्यात इथेनॉल नसेल, असं लोक धरून चालतात. ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल नाही, असं मुळीच नाही. उलट इथेनॉलनेच ऑक्टेन वाढतं. छोट्या इंजिनाला १०० ऑक्टेनची गरजही नाही. जादा पैसे मोजायचे ते फक्त इथेनॉल टळावं म्हणून.

हे पैसे कोणी मोजावेत? हंगामात ३० लिटर जाळणाऱ्या शेतकऱ्याला सगळं पेट्रोल महागडं घेतलं तर दीड हजारावर जादा पडतात, शिवाय ते आणायचा खर्च वेगळा. माझ्या मते हा खर्च वाया जातो, कारण रोज भरून रोज संपणाऱ्या पेट्रोलला पाणी धरायला वेळच मिळत नाही. हंगाम संपताना एकच लिटर इथेनॉलमुक्त भरून यंत्र थोडं चालवलं, तर कारबोरेटरमध्ये तेच राहतं आणि बहुतेक फायदा तेवढ्यातच मिळतो.

दवाखान्याचा किंवा दुकानाचा जनरेटर मात्र वेगळा. तो महिनोन्‌महिने उभा असतो आणि लाइट गेली की लगेच चालू व्हायला हवा, म्हणून टाकी रिकामी ठेवून भागत नाही. त्यात इथेनॉलमुक्तच ठेवा, पैशाकडे बघू नका. जुन्या, १० टक्के मर्यादेच्या टू-स्ट्रोकवर रोज तासन्‌तास कामं घेणाऱ्यालाही मी तेच सांगेन, पुण्या-हैदराबादला जाणं-येणं असेल तर. पण हे पेट्रोलही वर्षानुवर्षं टिकत नाही, जुनं होऊन चिकट डिंक धरतंच. तेही बदलावं लागतं.

बाकीच्यांना ई२० पुरतं, पण शिस्त हवी. पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच आणा. टू-स्ट्रोकचं मिश्रण त्या दिवसापुरतं करा: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कारबोरेटरही कोरडा होतो. ही दहा मिनिटं टाळून कितीही महाग पेट्रोल घेतलं तरी उपयोग नाही. पेट्रोल टिकावं म्हणून घालायचं बाटलीतलं स्टॅबिलायझर डिंक धरणं लांबवतं, तेवढ्यापुरतं ते चांगलं. पण एकदा पाण्याचा थर वेगळा झाला की कुठलंच औषध तो पुन्हा एकजीव करत नाही.

घरीच पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायचं, हा उपाय कृपा करून करू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातं, थोडं पाणी उरतंच, आणि उघड्या भांड्यातल्या पेट्रोलची वाफ चुलीपर्यंत पोचली तर घर जातं. साठवणीचंही तसंच. कायद्याने विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत अजिबात नको.

अंगणात दोन-चार गुंठे हिरवळ असलेल्या शहरातल्या माणसाने पेट्रोलचा विचारच सोडावा आणि विजेवरचं किंवा बॅटरीचं यंत्र घ्यावं.

नवं यंत्र घेणार असाल तर दुकानदाराकडून ई२० चालतं हे छापील दाखवून घ्या, तोंडी नको. त्याच वेळी नळ्या आणि कारबोरेटरच्या पडद्याचा किट जवळच्या बाजारात मिळतो का आणि केवढ्याला, हेही विचारा. जुनं यंत्र असेल तर इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या एकदा बदलून घ्या. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा कॅन लांबून आणण्याआधी हा खर्च करावा, असं मला वाटतं.