चिखलदऱ्याहून आणलेली एटीव्ही अन् घासलेला नंबर

जुनी एटीव्ही, म्हणजे चिखला-मातीत चालणारी चार चाकांची उघडी गाडी, घ्यायचा विचार असेल अन् विकणारा "इंजिन मॉडिफाय आहे भाऊ, लय ताकद आहे" म्हणून राहिला असेल, तर आधी माझं ऐका अन् मग पैसे मोजा.

आमचं वावर वरुडकडं, संत्र्याची साडेचारशे झाडं. पावसाळ्यात पांदण अशी होते की ट्रॅक्टर फसते, बैलं आम्ही केव्हाच विकली, अन् फवारणीचं पाणी ड्रमनं वाहता वाहता माणूस अर्धा होते. तर साळ्यानं व्हिडिओ पाठवला की चिखलदऱ्याले एक जण पर्यटकांना फिरवायच्या एटीव्ही विकायले काढून राहिला, चार चाकं, रुंद टायर, मागं छोटी ट्रॉली लागते. मी म्हटलं हे तर आपल्यासाठीच बनवलं आहे. डिसेंबरात दोघं गेलो.

तिथं धुकं होतं, हात खिशातून काढवत नव्हता. गाडी स्टार्टच करून ठेवलेली. म्हणजे इंजिन आधीच गरम, अन् मी येडा, मले वाटलं माणूस किती तत्पर आहे. नंतर मेकॅनिकनं सांगितलं की थंड इंजिन पहिल्या झटक्याले कसं उठते, धूर कोणत्या रंगाचा टाकते, तेच तर पाहायचं असते, अन् तेच त्यानं लपवलं. मूळ इंजिन छोटं चिनी होतं, ते काढून यानं 150 सीसी बाईकचं इंजिन बसवलं, वरून बोअर, म्हणजे सिलेंडरचं भोक, वाढवून मोठा पिस्टन टाकला. मी विचारलं रिव्हर्स कुठं आहे? तर म्हणे, "बाईकच्या इंजिनाले रिव्हर्स असते काय भाऊ? हलकी गाडी आहे, ढकलून वळवा." हसलो आम्ही तिघंही. 85 हजार सांगितले, 62 मध्ये झालं. कागद मागितले तर म्हणे याले आरसीच नसते, ही रोडवर चालवायची गाडीच नाही, वावरात कोण विचारते. ते मले पटलं, अन् तिथंच मी मेलो. कसा ते पुढं येते.

आणली घरी. जानेवारी-फेब्रुवारी बरी चालली, पोट्टे खूश, गावात सगळ्यांनी चक्कर मारून घेतली. एकदा पंक्चरवाल्यानं बाईकसारखी 30 पीएसआय हवा भरून देल्ली तर गाडी ढेकळांवर चेंडूसारखी उडाली अन् मी धुऱ्यावर पडलो. या टायरांना चार-पाच पीएसआय पुरते, हे तेव्हा समजलं. ती चूक आमची, विकणाऱ्याची नाही.

एप्रिलात खरं रूप दिसलं. बाईकचं इंजिन वाऱ्यानं थंड होते, गाडी पळाली पाहिजे. बागेत पहिल्या गिअरमध्ये माणूस चालते त्याच स्पीडनं जायचं, मागं दोनशे लिटरचा ड्रम, वरून आमच्याकडचं 43-44 डिग्री ऊन. त्यात बोअर वाढवला की सिलेंडरची भिंत पातळ होते अन् उष्णता वाढते. डिसेंबरच्या थंडीत पाच मिनिटांच्या चकरीत हे कसं दिसणार! तिसऱ्या दिवशी चौथ्या ओळीत गाडी जाग्यावर जाम, किक हलेना. रिव्हर्स नाही, ढकलून बाहेर काढता काढता बाबांची कंबर गेली, अन् ते बोलले ते इथं लिहिता येत नाही.

परतवाड्याले एका म्हाताऱ्या मिस्तरीकडं नेली. त्यानं आधी ऑइल काढलं, बोटावर घेतलं, तर मधासारखी तार. बाईकच्या ऑइलच्या जागी गिअरबॉक्समधलं जाड 90 नंबरचं भरलेलं, कारण त्यानं खडखड दबते अन् पिस्टनच्या घासलेल्या रिंगांमधून निघणारा निळा धूर काही दिवस कमी दिसते. मग एअर फिल्टर. मूळ डबा काढून उघडा कोनवाला बसवला होता, आवाज भारी यावा म्हणून. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, ती सरळ कार्ब्युरेटरमधून आत. पिस्टन पाहिला तर जणू पॉलिश पेपरनं घासला. मी म्हटलं बसवा काका नवीन पिस्टन, जे होईल ते होईल.

तर मिस्तरी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं खोकं, रॉकेलनं पुसून राहिला होता, तो थांबला. मले जवळ बोलावलं, टॉर्च मारला. जिथं इंजिन नंबर असते तिथं ग्राइंडरचे ओरखडे अन् वरून सिल्व्हर पेंट.

"कुठून आणलं बाप्पा हे?" म्हणे. "मी याले हात लावत नाही. तू बी दुसऱ्या कोणाले लावू देऊ नको."

एटीव्हीले आरसी नसते हे विकणाऱ्याचं खरं होतं हो! पण आतलं इंजिन ज्या बाईकचं, तिची आरसी कुठंतरी आहे, अन् तिच्यावर हा नंबर आहे, अन् तो बाईकवाला कदाचित आजही शोधून राहिला असेल. बाईकचं इंजिन वेगळं विकत घेतलं तर भंगारवाल्याची का होईना पावती पाहिजे, इतकं साधं मले सुचलं नाही. घाटातून येताना उलट साळ्याले म्हणत होतो, बरं झालं, आरटीओची कटकट नाही.

विकणाऱ्याले फोन लावला. पहिल्यांदा म्हणे, "तुमच्याकडंच घासला असेल." दुसऱ्यांदा उचललाच नाही, मग ब्लॉक. पैसे अर्धे रोख देलेले, अर्धे दुसऱ्याच कोणाच्या नंबरवर ऑनलाइन, तेवढा एक स्क्रीनशॉट आहे अन् साळ्यानं गंमत म्हणून काढलेला व्हिडिओ, त्यात तो माणूस "इंजिन म्या सोता बसवलं" म्हणताना ऐकू येते. तोच व्हिडिओ घेऊन ठाण्यात गेलो, स्वतः होऊन अर्ज देल्ला. वकील ओळखीचा होता, तो म्हणे घरी ठेवून सापडली तर जास्त महागात जाईन.

गाडी आता ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली उभी आहे, सीटवर पाला पडलेला. तारीख पडली की जातो. संत्र्याच्या आंबिया बहाराची फवारणी आली, ड्रम परत डोक्यावर, अन् बाबा रोज सकाळी विचारतात, "काहून, रिव्हर्स सापडला काय?"