एसटीचा विद्यार्थी पास: बारावी संपताना त्याचा हिशेब

देवगड घ्या, राजापूर घ्या, गुहागर घ्या. वाडीवरच्या मुलांचं आठवी ते बारावीचं शिक्षण सकाळच्या एसटीवर चालतं. वस्तीला आलेली गाडी उजाडताना सुटते. ती चुकली तर पहिला तास जातो, आणि पुढची गाडी दुपारची असेल तर अख्खा दिवसच. बारावीच्या निकालात कोकण मंडळ 2025 मध्ये 96.74 टक्क्यांवर होतं, राज्यात पहिलं. या मुलांना वेळेवर वर्गात पोचवणाऱ्या सेवेचं परीक्षण म्हणूनच मनापासून करावंसं वाटतं.

दराच्या बाबतीत पाचपैकी पाच गुण. मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणजे शंभरातले 33 रुपये 33 पैसे भरायचे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तेवढेही नाहीत. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, त्याबरोबर मुलांचा पासही महागला. तरी वडाप (माणसं भरून जाणारी खासगी गाडी) किंवा सहा आसनी रिक्षाशी तुलनाच होत नाही.

पास अडतो तो बहुतेक वेळा कागदावर. बोनाफाईडवर, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर, वाडीचं नाव असतं आणि एसटीच्या टप्प्यांच्या यादीत थांब्याचं नाव वेगळं. बोनाफाईड घेतानाच थांब्याचं नाव कंडक्टरकडून नीट विचारून घ्या. दुसरी अडचण मार्गाची. एकाच गावाला दोन रस्त्यांनी गाड्या जात असतील, तर पासावर कुठला मार्ग पडतो ते खिडकीवरच बघा, नाहीतर दुसऱ्या बाजूच्या गाडीत तिकीट काढावं लागतं. पास साध्या गाडीचा असतो. आणि तारखेचं भान ठेवा: मधल्या सुट्ट्यांचे दिवसही पासातच जातात, त्यामुळे दिवाळीच्या आठवडाभर आधी नवा पास काढण्यात तोटा आहे. जून 2024 पासून पास थेट शाळेत द्यायला सुरुवात झाली. शाळेने यादी वेळेत पाठवली तर आगारातली रांग वाचते.

फेऱ्यांना मात्र पाचपैकी अडीचच. गणपतीत चाकरमान्यांसाठी जादा गाड्या लागतात, तेव्हा गावातल्या फेऱ्यांवर ताण येतो. पावसात घाटात दरड आली की वेळापत्रक कोलमडतं. सर्वात मोठं नुकसान संध्याकाळी होतं. विज्ञान शाखेचं प्रात्यक्षिक लांबलं आणि वाडीची शेवटची गाडी सुटली, तर घरून कोणीतरी दुचाकी घेऊन यायला हवं. या एका कारणाने अकरावीत मुली विज्ञान सोडतात. हे फार वाईट आहे. शेवटची फेरी अर्ध्या तासाने पुढे ढकलण्याची लेखी मागणी ग्रामपंचायत आणि शाळेने मिळून आगारप्रमुखांकडे करायला हवी.

आता बारावीनंतरचं. मुलींचा मोफत पास इथे संपतो. पुढे त्यांच्यापुढे दोन वाटा असतात: कॉलेजचा विद्यार्थी पास, नाहीतर मार्च 2023 पासून महिलांना मिळणारं अर्धं तिकीट. कुठलं स्वस्त, ते असं काढा. समजा एका बाजूचं पूर्ण तिकीट 40 रुपये आहे. अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन रोजचे 40 रुपये होतात. पासाची जी रक्कम खिडकीवर सांगतील तिला 40 ने भागा. 800 सांगितले तर उत्तर 20. महिन्यात 20 पेक्षा जास्त दिवस कॉलेजला जाणं असेल तरच पास काढा. रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात रोज तास आणि वर्कशॉप असतं, तिथे पास परवडतो. आठवड्यात चारच दिवस जाणं होणार असेल तर अर्धं तिकीट बरं, शिवाय ते साध्या गाडीपुरतं नाही. मुलांना अर्ध्या तिकिटाची सोय नाही, त्यांचा रोजचा खर्च 80. याच हिशेबाने अकराव्या दिवसापासून पास फायद्याचा.

प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात त्या काळात जुनी शाळा बोनाफाईड देणार नाही आणि नवं कॉलेज अजून मिळालेलं नाही. सीईटी, कागदपत्रं, दाखले यांसाठीचे तालुक्याचे हेलपाटे मुलांना पूर्ण तिकिटात करावे लागतात. तेवढे पैसे मे महिन्यातच बाजूला काढून ठेवा.

कॉलेजांची पसंती भरताना शुल्काशेजारी गाडीची वेळही लिहा. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीच्या आसपासच्या मुलांना रोज जाऊन-येऊन करता येईल. सिंधुदुर्गातल्या मुलाला तिथे किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात वसतिगृहच घ्यावं लागेल. मग मासिक पास कामाचा राहत नाही. वसतिगृहातल्या मुलांसाठी मोठ्या सुट्टीत मूळगावी जायला 50 टक्के सवलत आहे, आणि ती बऱ्याच मुलांना ठाऊकच नसते. सुट्टीच्या आठवडाभर आधी आगारात जाऊन कुठला अर्ज आणि कोणाची सही लागते ते विचारून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर त्या खिडकीशी उभं राहायला जागा नसते.